शेगडीपेक्षा जयणा मोठी



निफाडचा पारा १० अंशांखाली घसरला की इकडे येवल्यातही बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटते, दारं-खिडक्या बंद होतात. म्हणे, लाकडाचीच ऊब खरी! त्या लाकडातली वाळवी, मुंग्या कोण पुंजून काढतं? शिवाय बंद खोलीत साठणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही. झोपेतच जीव घेतो.

‘हॉट अँड कोल्ड’ स्प्लिट एसी काही जाळत नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो. १ युनिट विजेवर साधारण ३ युनिट ऊब. वीजही निर्दोष नाही, मान्य. पण हिंसा कमी करणं हीच तर जयणा! लग्नात लाखो उधळणाऱ्यांनी खर्चाचं कारण सांगू नये. शेगडी वीज गेल्यावरच पेटवा, तीही लाकूड पुंजून, खिडकी उघडी ठेवून.