फिरत्या तबकडीचे अर्थकारण

यंत्राची किंमत दरपत्रकावर छापलेली असते. त्याचे मूल्य मात्र पुढील काही वर्षांत ते किती दिवस कामावर गेले आणि किती दिवस गोदामात पडून राहिले, यावरून ठरते. गालिचे व कार्पेट स्वच्छ करून देण्याच्या व्यवसायात उतरणाऱ्या तरुणांना हा फरक लवकर उमगलेला बरा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर येथील कार्यालये, हॉटेले, सभागृहे व चित्रपटगृहे यांमुळे या व्यवसायाला स्थिर मागणी आहे. थोड्या भांडवलात तो सुरू करता येतो. बहुतेकांची पहिली नजर जाते ती पाणी फवारून लगेच खेचून घेणाऱ्या एक्स्ट्रॅक्शन यंत्राकडे. ते आवश्यक आहेच. पण त्याच्या शेजारी उभे असलेले साधे, जुन्या धाटणीचे ‘सिंगल डिस्क मशीन’ ‘नंतर पाहू’ म्हणून यादीतून वगळले जाते. व्यवसायाच्या हिशेबात ही वगळणूक महाग पडू शकते.

या यंत्राची रचना अगदी सोपी आहे. वर विजेची मोटर, तिच्याखाली गिअर, त्याखाली फिरणारी एक तबकडी आणि धरायला लांब दांडा. तबकडीखाली कामानुसार ब्रश, पॅड किंवा सुती झालरीचे ‘बॉनेट’ बसवतात. सर्वाधिक प्रचलित तबकडी १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर व्यासाची असते व मिनिटाला १५० ते २०० फेरे घेते. १७० फेरे धरले, तर तबकडीची कड मिनिटाला सुमारे २३० मीटर अंतर कापते. गुडघ्यावर बसून हातब्रशने घासणारा कामगार या गतीच्या जवळपासही पोहोचू शकत नाही. शिवाय यंत्राचे वजनच दाब देते, तो मनगटातून व पाठीतून काढावा लागत नाही.

या घर्षणाचे महत्त्व समजण्यासाठी स्वच्छतेच्या शास्त्रातील एक प्रसिद्ध मांडणी उपयोगी पडते. जर्मनीतील हेन्केल कंपनीचे रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये असे मांडले की, कोणतीही स्वच्छता चार घटकांवर उभी असते : रसायन, उष्णता, वेळ आणि यांत्रिक क्रिया, म्हणजे घासणे. हे चार घटक एकाच वर्तुळाचे भाग आहेत. एक कमी पडला, तर उरलेल्यांनी तो वाटा उचलावा लागतो. आपल्याकडील कार्पेट सफाईवाल्याची परिस्थिती या वर्तुळात घालून पाहावी. ग्राहकाच्या कार्यालयात गरम पाणी बहुधा मिळत नाही. काम रात्री किंवा रविवारी उरकायचे असते, म्हणजे वेळही मोजका. मग हाती उरतात दोनच उपाय : रसायन वाढवणे किंवा घर्षण वाढवणे. रसायन वाढवले, तर खर्च वाढतो आणि तंतूंवर चिकट अंश राहून कार्पेट पुन्हा लवकर मळते. घर्षणाचा वाटा वाढवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो आणि तो वाटा सिंगल डिस्क मशीन उचलते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम असा असतो. प्रथम व्हॅक्यूमने कोरडी धूळ पूर्ण काढायची. ही पायरी टाळली, तर पाणी पडताच धुळीचा चिखल होतो. त्यानंतर सौम्य द्रावण फवारून काही मिनिटे मुरू द्यायचे, मऊ ब्रश लावलेले यंत्र फिरवायचे आणि शेवटी एक्स्ट्रॅक्शन यंत्राने मळ व पाणी खेचून घ्यायचे. तबकडीने मळ आधीच सुटा केल्यामुळे खेचण्याचे काम हलके होते. मोठ्या स्वच्छतेच्या दोन फेऱ्यांमधील देखभालीसाठी बॉनेट वापरतात. द्रावणात भिजवून घट्ट पिळलेले बॉनेट कार्पेटवर फिरवले की वरचा मळ त्यात शोषला जातो आणि कार्पेट फारसे ओले होत नाही.

कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात या पद्धतीचा विशेष उपयोग होतो. जुलैच्या दमट हवेत भरपूर पाण्याने धुतलेले कार्पेट लवकर वाळत नाही. त्याला कुबट वास येतो, बुरशीही धरते. त्यामुळे अनेक व्यावसायिकांचे पावसाळ्याचे महिने रिकामे जातात. कमी पाण्याची देखभाल देऊ शकणाऱ्याला या काळातही वार्षिक करार टिकवता येतो. मात्र बॉनेटने फक्त वरचा थर निघतो, मुळाशी बसलेला मळ तसाच राहतो, हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगावे. एक्स्ट्रॅक्शनची जागा बॉनेट घेऊ शकत नाही. जो हे लपवतो, त्याचा करार फार काळ टिकत नाही.

या यंत्राच्या मर्यादा माहीत नसतील, तर एका संध्याकाळी वर्षाचा नफा नुकसानभरपाईत जाऊ शकतो. भदोहीचा वा काश्मीरचा हाताने गाठी मारून विणलेला लोकरी किंवा रेशमी गालिचा या तबकडीखाली कधीही घालू नये. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकून घट्ट होतात. नमदा तयार होतो तो याच गुणधर्मामुळे. पण ग्राहकाच्या दिवाणखान्यातील गालिच्याचा नमदा होणे कोणालाच परवडणारे नाही. व्हिस्कोज, म्हणजे कृत्रिम रेशीम, ओले असताना फार दुबळे होते. तेही वर्ज्य समजावे. लांब, कापलेल्या लवेच्या कार्पेटवर तबकडीच्या गोल खुणा उमटू शकतात. कार्यालयातील आखूड, वेटोळ्या लवेची नायलॉन वा पॉलिप्रॉपिलिनची कार्पेट टाइल हे या यंत्राचे खरे क्षेत्र. तेथेही आधी फर्निचरखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात चाचणी घ्यावी. तसेच मिनिटाला हजारांहून अधिक फेरे घेणारे फरशी चमकवण्याचे यंत्र याच्यासारखे दिसत असले, तरी ते कार्पेटवर चालवू नये.

यानंतर येतो हिशेबाचा खरा मुद्दा. एक्स्ट्रॅक्शन यंत्र मुख्यतः कार्पेट, सोफा व गाद्या यांपुरते मर्यादित असते. सिंगल डिस्क मशीन मात्र तबकडीखालचे साधन बदलताच दुसऱ्या कामाला लागते. पॅडच्या रंगांचा सर्वसाधारण संकेत असा की, रंग जितका गडद तितके पॅड खरखरीत. काळे पॅड मेणाचा जुना थर उतरवण्यासाठी, हिरवे व निळे घासण्यासाठी, लाल नेहमीच्या हलक्या सफाईसाठी आणि पांढरे चकाकीसाठी. टाइलच्या सांध्यांतील व खडबडीत पृष्ठभागावरील मळ नायलॉनच्या ब्रशने निघतो. कोटा, ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल, मंगल कार्यालयाचा हॉल, रुग्णालयाची मार्गिका ही सारी कामे त्याच यंत्राच्या आवाक्यात येतात. संगमरवरावर मात्र काळे पॅड टाळावे आणि आम्ल तर लावूच नये. संगमरवर हा मूलतः कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्लाने त्याची चकाकी जाते.

आता उदाहरणादाखल काही आकडे धरू. प्रत्यक्ष दर शहरानुसार व कंपनीनुसार बदलतील. समजा, यंत्र ६०,००० रुपयांना आणि ब्रश, पॅड, बॉनेट, टाकी मिळून आणखी १५,००० रुपयांना पडले. एकूण ७५,००० रुपये तीन वर्षांच्या मुदतीवर, १२ टक्के व्याजाने घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २,५०० रुपये येतो. कार्पेटची कामे महिन्याला चारच दिवस मिळत असतील आणि यंत्र तेवढेच दिवस चालले, तर प्रत्येक दिवसावर हप्त्याचा ६२५ रुपये भार पडतो. त्याच यंत्राला फरशीची आणखी आठ दिवसांची कामे मिळाली, तर भार दिवसाला साधारण २०८ रुपयांवर येतो. यंत्र तेच, हप्ता तोच. बदलला तो केवळ वापर.

एवढ्या रकमेसाठी घरातील सोने गहाण टाकण्याची घाई करू नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज ‘शिशु’ आणि त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ गटात मोडते. अर्जासोबत यंत्राचे दरपत्रक तर जोडावेच. पण महिन्याला किती दिवसांचे काम हातात आहे, कोणत्या ग्राहकांशी वार्षिक करार आहेत, हेही एका पानावर मांडावे. यंत्र किती दिवस चालेल याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याच्यावर विश्वास ठेवणे कर्ज देणाऱ्यालाही सोपे जाते. नियमित हिशेब ठेवणाऱ्यास यंत्रावर प्राप्तिकरात १५ टक्के घसारा मिळतो. ६०,००० रुपयांवर पहिल्या वर्षी ९,००० आणि उरलेल्या ५१,००० रुपयांवर दुसऱ्या वर्षी ७,६५०. खरेदीच्या वर्षात यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. दिवाळीच्या तोंडावर घाईने खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्यास घसारा वेगळा मागता येत नाही.

शेवटी, ज्याच्या हाती यंत्र द्यायचे त्या कामगाराविषयी. हे यंत्र ताकदीवर चालत नाही. दांडा किंचित उचलला की ते उजवीकडे जाते, खाली केला की डावीकडे. नवखा माणूस त्याच्याशी झुंजत राहतो आणि दमतो, शिकलेला दोन बोटांच्या इशाऱ्यावर ते वळवतो. मोकळ्या फरशीवर थोडे दिवस सराव करून घेतल्याखेरीज ग्राहकाच्या घरी पाठवू नये. ओल्या जमिनीवर वीज वापरायची असल्याने अर्थिंगची खात्री, अखंड केबल आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच या बाबतीत तडजोड नको. पॅड बदलताना प्लग काढलेलाच असावा. काम संपल्यावर ब्रश काढून ठेवावा. यंत्राच्या भाराखाली राहिला, तर त्याचे केस कायमचे वाकतात.

वर्षानुवर्षे फरशा घासून गुडघे व कंबर गमावलेली माणसे प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्या दुखण्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. ७५,००० रुपयांच्या या खरेदीत उभ्याने काम करण्याची मुभाही समाविष्ट आहे, हे मालकाने हिशेब मांडताना विसरू नये. कामगार दहा वर्षे टिकला, तर त्याचा हातही दहा वर्षे मुरतो आणि ग्राहक अखेर त्या मुरलेल्या हाताला पुन्हा बोलावतो.