भावंडे किती?

सोयरीक जुळविण्यास आलेली वडीलधारी मंडळी चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता जो प्रश्न अगदी सहजगत्या विचारतात, तो 'भावंडं किती?' हा प्रश्न माझ्या विवाहाच्या बोलणीत जतच्या आमच्या घरी विचारला गेला, तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता 'आम्ही दोघे भाऊ' असे उत्तर मी दिले. आणि जिच्या कडेवर मी लहानाचा मोठा झालो ती आमची थोरली बहीण, आमची अक्का, त्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने मावशीकडे उमदीला धाडून दिलेली होती.

अक्का जन्मतः मंदमती. गावाच्या बोलीत 'खुळी'. दहापलीकडे आकडे तिला येत नाहीत, तथापि रात्री ताटे मांडताना घरातील एकही माणूस मोजायचा तिच्याकडून कधी राहिलेला नाही. मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्रा भरते. मी सातवीत असताना त्या गर्दीत ती माझा हात घट्ट धरून पाळण्याकडे पाहत मोठमोठ्याने हसू लागली आणि समोरून आलेल्या वर्गमित्राने 'कोण रं ही?' असे विचारले, त्यावर 'शेजारची हाय' म्हणून मी हात सोडवून घेतला. माझे शब्द तिला समजले की नाही, कोण जाणे. हात सुटल्याचे मात्र समजले असावे, कारण घर येईपर्यंत तिने माझ्या सदऱ्याचे टोक मुठीत धरून ठेवले होते.

ही लाज अक्काची नव्हती. ती होती लोकांच्या मनातील हिशेबाची: एका भावंडात वैगुण्य दिसले की उरलेल्यांच्या रक्ताविषयी शंका, शंकेमागून नकार, आणि नकारांमागून घराण्याची अप्रतिष्ठा. ह्या भयाने माणसे किती दूर जातात पाहा. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या आकड्यात आमची अक्का नाही, कारण प्रगणकाने 'घरात कोणी अपंग?' असे विचारले तेव्हा आमच्या वडिलांनी नकारार्थी मान हलविली आणि शेजारी बसलेलो मी गप्प राहिलो.

लाजेवरचा उतारा म्हणून आजकाल अभिमानाची शिफारस केली जाते, आणि आमच्या जिल्ह्यास अभिमानाची कारणेही थोडीथोडकी नाहीत. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेले पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्ग येथे जलतरणात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून गेले; आणि आमच्यासारख्याच अवर्षणग्रस्त आटपाडी तालुक्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी, बालपणीच्या अपघातात डावा हात अधू झालेला असताना, २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले. त्यांचे कौतुक करावे तितके थोडेच आहे. परंतु त्या विजयाच्या वार्तेने आनंदित झालेल्या गावांत, त्याच सायंकाळी, पाहुणे आले म्हणून मागच्या खोलीत बसविलेली भावंडे मागच्या खोलीतच होती. पदक मिळविणाऱ्याविषयी अभिमान बाळगण्यास नातेवाइकाला काहीच सोडावे लागत नाही. आणि जिला कधीही पदक मिळणार नाही, जी उद्याही आजच्यासारखीच ताटे मांडणार आहे, तिच्या बाबतीत हा अभिमान निरुपयोगी ठरतो.

माझ्या स्वतःच्या अभिमानाची कथा याहून अधिक खेदाची आहे. पुढे वय वाढले, लाज ओसरली, आणि ३ डिसेंबरच्या जागतिक अपंग दिनी एका व्यासपीठावरून अक्काला आपण कसे सांभाळतो हे मी सद्गदित कंठाने सांगितले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अक्कासाठी नव्हत्या. यात्रेतल्या मुलाने ज्या परक्या नजरेला भिऊन हात सोडविला होता, त्याच नजरेकडून हा प्रौढ गृहस्थ आता शाबासकी घेत होता.

म्हणून भावनेपेक्षा दप्तराकडे पाहावे, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. जन्मांध म्हणून धृतराष्ट्राला डावलून धाकट्या पंडूला राज्य दिले गेले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो. मनुस्मृतीनेही जन्मांध, बधिर, मुका, वेडा आणि जड यांना वाटणीतून वगळले आणि त्यांच्या पदरी केवळ अन्नवस्त्र टाकले. १९२८ च्या कायद्याने हा निर्बंध बराचसा सैल केला, तरी जन्मतः वेडा वा जडबुद्धी असणारा त्यानंतरही वंचितच राहिला; १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने मात्र रोग, व्यंग वा विकृती या कारणास्तव कोणाचाही वारसा नाकारता येणार नाही असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, आणि २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने मालमत्ता धारण करण्याचा समान अधिकार पुन्हा एकदा नमूद केला. कायदा इतका पुढे आला. आम्ही भावंडे मात्र अन्नवस्त्राच्या पायरीवरच उभी आहोत. 'तिला काय करायची जमीन? खायला-प्यायला घालतोच की!' हे वाक्य मी किती सज्जनांच्या तोंडून ऐकले आहे, आणि म्हैसाळ योजनेचे पाणी ज्या ज्या शिवारात पोहोचू लागले तेथे तर ते अधिकच आग्रहाने उच्चारले जाते.

आमच्या घरीही तेच झाले. आई आधीच गेलेली. वडील वारल्यावर वारसनोंदीसाठी जे प्रतिज्ञापत्र सादर झाले त्यात वारस दोन लिहिले गेले, आणि ती यादी माझ्या हस्ताक्षरात होती. त्यात कोणाचीही फसवणूक करण्याचा हेतू नव्हता, असे आम्ही दोघे भाऊ कित्येक वर्षे एकमेकांस सांगत राहिलो. ती बारा वर्षे अक्का तिच्याच जमिनीतील बाजरीची भाकरी आमच्या उपकारावर खात होती.

गेल्या वर्षी फेरफार दुरुस्तीचा अर्ज मी दिला. धाकट्याने प्रथम आढेवेढे घेतले, नंतर स्वतःच तहसील कचेरीत माझ्यासोबत आला. अशा भावंडाच्या वतीने व्यवहार पाहण्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकाची नेमणूक करून घेता येते. तोही अर्ज आम्ही केला. आता आमच्या सातबाऱ्यावर तीन नावे आहेत आणि अक्का थोरली म्हणून तिचे नाव पहिले आहे.

ज्यांच्या घरी असे भावंड आहे, त्यांनी ह्या आठवड्यात आपला सातबारा आणि शिधापत्रिका काढून त्यांवरील नावे एकवार वाचून पाहावीत, एवढी माझी विनंती आहे.