पासंग



'जात आता उरलीय कुठं?' हा सवाल कोण विचारतो? नोकरी किंवा खोली मागताना ज्याला आडनाव चोरावं लागत नाही, तोच. आपण म्हणावं, अर्ज केला, मार्क होते, तरी बोलावणं आलं नाही. तो शांतपणे म्हणतो, जागा भरली असेल. तुझं इंग्रजी कच्चं असेल. असतो एखादा साहेब तसा. एकेका नकाराला त्याच्याकडं शंभर सबबी, आणि खरं बोलायचं तर एका नकारावरून त्याला खोटा पाडताही येत नाही. म्हणून तो निवांत झोपतो.

त्याची झोप मोडायची तर कवितेच्या जोडीला मोजदाद लागते.

तागडीत पासंग आहे का, हे वाण्याला विचारून कळत नाही. दोन्ही पारड्यांत सारखंच वजन टाकायचं. तरी काटा झुकला, तर खोट तागडीत आहे, मालात नाही. बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी नेमकं हेच केलं. इंग्रजी पेपरांत खाजगी कंपन्यांच्या नोकऱ्यांच्या जाहिराती येतात. तसल्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज टाकले. तुलनेच्या अर्जांत शिक्षण सारखं, अनुभव सारखा. बदललं फक्त नाव : एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुसलमान. (माणसं खोटी होती. निघालं ते खरं.)

२००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निकाल छापून आला. सवर्ण नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश. मुसलमान नावाला एक तृतीयांश. अजून मुलाखत झालीच नव्हती! कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं, कुणाचं इंग्रजी ऐकलं नव्हतं. पाकीट फोडलं, नाव वाचलं, बस्स. गुणवत्ता गुणवत्ता म्हणून जे बोंबलतात, ती च्यायला पाकिटातच मेली.

योगायोग म्हणाल? नाणं तीनदा उडवून तीनदा छापा पडला तर कुणी काही म्हणणार नाही. शंभरदा उडवून सत्तरदा पडला तर नाणं तपासावं लागतं. संख्याशास्त्र म्हणजे हेच : योगायोग कुठवर ताणता येतो ते मोजणं. इथला फरक योगायोगावर ढकलण्याइतका लहान नव्हता. मात्र कुठल्या साहेबानं कुठला अर्ज केराच्या टोपलीत टाकला, ते हा हिशोब सांगत नाही. तेवढ्यावर कुणाला कोर्टात उभं करता येणार नाही.

आपल्यातले काही म्हणतात, आकडे हे बाबू लोकांचं काम, आपलं काम आगीचं. अरे, १९७२ साली पँथर उभी राहिली त्यामागं इलया पेरुमल समितीचा अहवाल होता. अत्याचारांची नोंद होती म्हणून तर कळलं कुठं काय जळतंय. आणि ज्यांना लपवायचंय त्यांना आकड्याची ताकद बरोबर ठाऊक आहे. १९३१ नंतर जनगणनेनं सगळ्या जातींचे आकडे छापले नाहीत. आपल्याला मोजलं, वरच्यांना नाही. २०११ साली वेगळ्या पाहणीत जात विचारली, तर जातवार आकडे दाबून ठेवले. ३० एप्रिल २०२५ ला सरकारनं पुढच्या जनगणनेत जात मोजायची घोषणा केली. मोजतील तेव्हा पाहू. छापतील तेव्हा जास्त पाहू.

तोवर आपण हातावर हात ठेवून का बसावं? भाड्याच्या खोल्या घ्या. एकाच खोलीसाठी दोन फोन. पगार तोच, माणसं तेवढीच, बोली तीच. बदलायचं फक्त आडनाव. आधी कुणी फोन करायचा ते छापा-काट्यानं ठरवा, नाहीतर म्हणतील, पहिल्याला दिली म्हणून दुसऱ्याला नाही. नकार कशाला म्हणायचं तेही फोन करण्याआधी लिहून ठेवा; मागाहून ठरवाल तर सगळंच नकार दिसेल. आणि होकार मिळाला तर तोही लिहायचा, राग आला तरी. दहा खोल्यांवर थांबू नका. येत्या रविवारी बैठकीला येताना प्रत्येकानं एक वही आणावी, रेघा मारलेली.