आधी कोणते पेडल, नंतर कोणते?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा दिवसा आयटीआयला जातो आणि संध्याकाळी गिटार वाजवतो. पायाशी पाच लोखंडी डब्या मांडतो, दर दोन दिवसांनी त्यांच्या जागा बदलतो, वायरी काढतो आणि पुन्हा जोडतो. शेजारी हसतात. आता सहावी डबी हवी म्हणून त्याने आठ हजार रुपये मागितले आहेत, कारण आवाज चिखलासारखा येतो अशी त्याची तक्रार आहे. भगिनी विचारतात, की हे निव्वळ खूळ आहे की यात काही अर्थ आहे, आणि पैसे द्यावेत की नाही?

ताई, अर्थ नक्कीच आहे. पैसे मात्र तूर्त देऊ नका. का, ते सांगतो.

मी स्वतः वादक नाही. आमच्या वसाहतीच्या ऑर्केस्ट्राचा जमाखर्च बरीच वर्षे माझ्याकडे आहे, त्यामुळे तालमीला बसणे होते. ज्या वस्तूची पावती आपण फाईलला लावतो, ती वस्तू नेमके काय काम करते हे विचारून घ्यायची मला सवय आहे. पोरांनीही कंटाळा न करता समजावून दिले.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, इतकेच ते यंत्र. वर गिटारची तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी दुबळी वीज उत्पन्न होते, साधारण व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ही वीज वायरीतून पहिल्या पेडलमध्ये जाते, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात आणि शेवटी अॅम्प्लिफायरमध्ये. प्रत्येक पेडल त्यात आपला फेरफार करते. कोणी आवाज फाडते, कोणी प्रतिध्वनी देते, कोणी लाटांसारखा हेलकावा देते. आमच्या कचेरीत फाईल टेबलावरून टेबलावर जाते तसाच हा प्रकार. तिसऱ्या टेबलावरच्या माणसाला पहिल्या दोघांनी शेरे मारलेली फाईलच मिळते, मूळ कोरा अर्ज त्याच्या दृष्टीस पडत नाही.

आता टेबलांचा क्रम बदलला तर निकाल बदलतो का? इथे थोडे गणित करू या, शाळेतलेच आहे. १००० रुपयांच्या मालावर १० टक्के सूट आणि १८ टक्के कर असेल, तर आधी सूट द्या की आधी कर लावा, बिल १०६२ रुपयेच होते. क्रमाने काही बिघडत नाही. परंतु मर्यादा घालण्याचा नियम आला की चित्र पालटते. समजा तीन कामगारांचा जादा कामाचा भत्ता ४००, ६०० आणि ९०० रुपये आहे. दोन हुकूम आहेत: भत्ता दुप्पट करा, आणि कोणालाही ५०० च्या वर देऊ नका. आधी दुप्पट करून मग मर्यादा लावली तर तिघांनाही ५०० मिळतात, कमीजास्त काम करणाऱ्यांतला फरकच पुसला जातो. आधी मर्यादा लावून मग दुप्पट केले तर ८००, १००० आणि १००० मिळतात. हुकूम तेच, माणसे तीच, पण हातात पडणारी रक्कम निराळी.

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही पेडले म्हणजे हा मर्यादेचा हुकूम होय. ध्वनीची लाट एका उंचीच्या वर गेली की ही पेडले तिचे टोक छाटतात. छाटलेल्या लाटेत मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात, आणि त्यांतूनच तो करकरीत, फाटका, तरुणांना आवडणारा आवाज निघतो. याउलट जाडा-बारीक आवाज ठरवणारे इक्वलायझर आणि साधा प्रतिध्वनी देणारे डिले ही सूट आणि कर यांसारखी आहेत. त्या दोघांची आपसांत अदलाबदल केली तर कानाला फारसा फरक कळत नाही. म्हणून सगळा प्रश्न एकाच गोष्टीशी येऊन थांबतो: छाटणाऱ्या पेडलच्या आधी काय आणि नंतर काय?

आमच्या ऑर्केस्ट्रातले उदाहरण देतो. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमांत गिटारवाल्याचा एकट्याचा तुकडा आला की तो ढोलकी आणि कीबोर्डखाली बुडून जायचा. त्याच्याकडे बूस्टर नावाचे पेडल होते, जे फक्त आवाज वाढवते. ते दाबले तरी आवाज मोठा होईना, नुसता अधिक फाटायचा. मोठा अॅम्प्लिफायर घ्यावा असा ठराव मंडळाच्या बैठकीत जवळजवळ मंजूर झाला होता, आणि त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढायचे ठरत होते. तेवढ्यात तालमीला आलेल्या एका जुन्या वादकाने वाकून पाहिले. बूस्टर डिस्टॉर्शनच्या आधी जोडलेला होता, म्हणजे आधी दुप्पट आणि मग ५०० ची मर्यादा. त्याने बूस्टर डिस्टॉर्शनच्या पलीकडे नेला, आणि पुढच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेतल्या लोकांनीही तो तुकडा ऐकला. खर्च शून्य. ठराव अर्थातच मागे घेतला. बूस्टर आधी ठेवणे चूक असते असे मात्र समजू नये. आवाज तितकाच ठेवून सूर अधिक दाट आणि लांबट करायचा असेल तर त्याची जागा आधीचीच.

चिखलाची तक्रार बहुधा डिलेमुळे असावी. डिले म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारे पेडल. ते डिस्टॉर्शनच्या आधी असेल तर आताचा सूर आणि मागच्या सुराचा प्रतिध्वनी यांची आधी बेरीज होते आणि मग दोघांची एकत्र छाटणी होते. छाटणाऱ्याला कोणता सूर ताजा आणि कोणता शिळा हे ओळखता येत नाही. दोघांच्या मिश्रणातून तिसरेच, बेसूर स्वर उत्पन्न होतात. शिवाय प्रतिध्वनी खरे तर हळूहळू विरत जायला हवेत, पण छाटणीमुळे तेही मूळ सुराच्या बरोबरीने मोठे ऐकू येतात. डिले डिस्टॉर्शनच्या नंतर ठेवले, की आधीच फाटलेल्या सुराची स्वच्छ नक्कल पुन्हा पुन्हा ऐकू येते. मुलाने इतकेच करून पाहिले तर आठ हजार वाचण्याचा संभव आहे.

या कारणांमुळे वादकांत एक सर्वसाधारण क्रम रूढ झाला आहे. गिटारजवळ सूर जुळवायचा ट्यूनर, मग वाह आणि ऑक्टेव्ह, कॉम्प्रेसर, त्यानंतर ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन, पुढे कोरस आणि फेझर यांसारखी हेलकावे देणारी पेडले, आणि शेवटी डिले व रिव्हर्ब. ऑक्टेव्ह सुरुवातीला असतो कारण त्याला सूर ओळखावा लागतो, आणि छाटलेल्या गोंधळात त्याची फसगत होते. रिव्हर्ब शेवटी असतो कारण तो खोलीचा घुमारा आहे. खोली आधी आणि आवाज नंतर असे जगात घडत नाही.

फझची गोष्ट मात्र वेगळी, आणि मला सर्वांत मौजेची वाटते. १९६६ साली लंडनमध्ये फझ फेस नावाचे गोल डबीचे पेडल निघाले. जिमी हेंड्रिक्स या थोर कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाने ते जगाला ऐकवले. त्याच्या आत जेमतेम दोन ट्रान्झिस्टर. या साधेपणामुळे ते गिटारच्या पिकअपवर भार टाकते, आणि पिकअप जणू त्याच्या सर्किटचाच भाग बनतो. गिटारवरचे आवाजाचे बटण किंचित कमी केले की फाटका आवाज निवळून स्वच्छ होतो. पण मध्ये बफर आला, म्हणजे दुबळ्या विजेला जोर देऊन पुढे ढकलणारे सर्किट आले, की हा गुण जातो आणि आवाज कर्कश होतो. गंमत अशी की बॉस कंपनीच्या पेडलांसारखी अनेक पेडले बंद असतानाही त्यांचा बफर चालू राहतो. म्हणून असा ट्यूनर फझच्या पुढे बसवला तर ट्यूनर बंद ठेवूनही फझ बिघडतो, आणि पोरगा बिचारा दोष फझला देतो. इतर ठिकाणी मात्र बफर उपकारकच आहे. लांब वायरीत आवाजाची धार बोथट होते, ती तो टिकवतो.

१८ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी वुडस्टॉकच्या महोत्सवात हेंड्रिक्स वाजवायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या गिटारमधून वायर आधी वाहमध्ये, तिथून फझ फेसमध्ये, पुढे युनि-व्हाइबमध्ये आणि मग मार्शल अॅम्प्लिफायरांत जात होती. वाह म्हणजे पायाने टाच-बोटे हलवून सुराला तोंड उघडल्या-मिटल्यासारखा आकार देणारे पेडल. ते फझच्या आधी असल्यामुळे सूर माणसाच्या बोलण्यासारखा वाटतो. नंतर ठेवले तर फझने तयार केलेल्या वरच्या स्वरांचा सगळा साठा वाहच्या तोंडात जातो, आणि झोत फार मोठा, यंत्रासारखा निघतो. काहींना तोच आवडतो.

नियम मोडणारेही आहेत. एडी व्हॅन हेलनने १९७८ च्या पहिल्या रेकॉर्डवर फेझर नंतर न ठेवता मार्शलच्या आधी ठेवला. त्याचा फाटका आवाज मार्शलमध्येच तयार होत होता, त्यामुळे फेझरचा हेलकावा त्या आवाजात विरघळून गेला. यावरून ध्यानात घ्यावे की अॅम्प्लिफायर हेही साखळीतले पेडलच आहे. तोच आवाज फाडत असेल तर त्याच्या पुढे जोडलेला डिले पुन्हा छाटणीच्या आधीच आला. यासाठी कित्येक अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोके असतात. डिले आणि रिव्हर्ब तिथे जोडले की ते छाटणीच्या पलीकडे जातात. इंग्लंडमधील काही गटांनी १९९० च्या सुमारास रिव्हर्ब मुद्दाम डिस्टॉर्शनच्या आधी लावून तो चिखलच आपली शैली बनवला. मला ते संगीत पंधरा मिनिटांच्या वर झेपत नाही. पण ते त्यांनी समजून-उमजून केले, एवढे मान्य केले पाहिजे.

आपल्या मिरवणुकांतल्या बेंजो पार्टीत जो बेंजो वाजतो, तो म्हणजे पिकअप बसवलेला बुलबुलतरंग. त्याला कोणी पेडल लावले तर क्रमाचा हिशेब हाच.

खरखरीबद्दल थोडेसे. छाटणारे पेडल सुराबरोबर खरखरही कित्येक पट वाढवते. ती अडवणारा नॉइज गेट डिस्टॉर्शननंतर पण डिलेच्या आधी ठेवावा, नाहीतर तो प्रतिध्वनीच्या शेपट्याही कापतो. घूं असा एकसारखा आवाज येत असेल तर दोष क्रमाचा नसून अनेकदा पाच पेडलांना एकाच अडॅप्टरने वीज दिल्याचा असतो. आणि ताई, एक गोष्ट मुलाला बजावून सांगा: मंडपातल्या विजेला अर्थिंग आहे याची खात्री झाल्याशिवाय गिटार गळ्यात घालून माइकला ओठ लावू नये. अशा वेळी जिवावर बेतू शकते.

आता त्याने काय करावे? पाच पेडलांचे १२० क्रम होतात. सगळे तपासत बसला तर आयटीआय बुडेल. सर्व पेडले काढून ठेवावीत, डिस्टॉर्शन एकटे लावावे, मग एकेक पेडल घेऊन आधी आणि नंतर अशा दोनच जागी तपासावे. दर वेळी एकच ओळ वाजवावी, आणि दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो. शक्य असल्यास मित्राला वाजवायला लावून आपण दहा-बारा फूट लांब उभे राहावे. वायर काढताना अॅम्प्लिफायरचा आवाज खाली करावा, म्हणजे स्पीकर आणि शेजारी दोन्ही शाबूत राहतील. जो क्रम पटेल तो कागदावर लिहून डब्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवाव्यात. आमच्या पोरांनी चिठ्ठ्यांवर खिळ्यांच्या खुणाही केल्या आहेत, म्हणजे कोणते बटण कुठे फिरवायचे ते अंधाऱ्या स्टेजवरही सापडते.