टीव्ही कंपनीला स्मार्टफोन तारतो का? मराठवाड्याच्या व्हिडिओकॉनकडे बघा

नव्वदच्या दशकात कलर टीव्ही म्हटलं की परभणीपासून मुंबईपर्यंत जी नावं घेतली जायची, त्यात व्हिडिओकॉन होतंच. कंपनीही मराठवाड्यातलीच. तिचं नोंदणीकृत कार्यालय पैठण रोडवरच्या चितेगावात. मग कोरियन ब्रँड आले, स्पर्धा वाढली आणि 2009 मध्ये व्हिडिओकॉन मोबाईल हँडसेट विकू लागली.

मोबाईलच का?

टीव्ही किंवा फ्रिज एकदा घेतला की बरीच वर्षं चालतो. मोबाईल त्यामानाने लवकर बदलला जातो. म्हणजे तेच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा दुकानात येणार, हा हिशोब.

मग गणित कुठे चुकलं?

अँड्रॉइड गुगलचं, चिप दुसऱ्याची. बहुतेक भारतीय ब्रँडकडे उरलं फक्त नाव आणि किंमत. स्वस्त देण्याच्या शर्यतीत नफा राहत नाही.

व्हिडिओकॉन मोबाईल सेवेतही उतरली होती. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने टूजीचे 122 परवाने रद्द केले, त्यात तिचेही होते. लिलावातून पुन्हा घेतलेले सहा सर्कलचे स्पेक्ट्रम 2016 मध्ये 4,428 कोटींना एअरटेलला विकावे लागले. तेल-वायू व्यवसायातलंही मोठं कर्ज होतं. अखेर 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

मोठ्या कंपन्यांचं काय झालं?

एलजीने सहा वर्षांत मोबाईलमध्ये सुमारे साडेचार अब्ज डॉलर गमावले आणि 2021 मध्ये हा धंदाच बंद केला. तिची भारतीय कंपनी पुण्याजवळ रांजणगावात फ्रिज, टीव्ही बनवते. ऑक्टोबर 2025 मध्ये याच कंपनीचा 11,607 कोटींचा आयपीओ आला, तोही मोबाईल न विकता.

सोनीच्या स्वतःच्या फोनचा खप रोडावला. पण इतर कंपन्यांच्या फोनमध्ये बसणारे तिचे कॅमेरा सेन्सर जोरात चालतात. नोएडाची डिक्सन टीव्हीपासून सुरू झाली, आज तिची बहुतांश उलाढाल दुसऱ्यांचे मोबाईल जोडून देण्यातून होते. मात्र त्यात नफ्याचं प्रमाण कमी असतं.

परभणीकरांनी यातून काय घ्यावं?

कंपनी बुडाली की वॉरंटी कार्ड नुसता कागद उरतो आणि सुट्या भागांसाठी फिरावं लागतं. मराठवाड्यातल्या पोरांचा जवळचा रोजगारही जातो. त्यामुळे एखाद्या अडचणीतल्या कंपनीने स्मार्टफोन आणल्याची बातमी आली, तर एकच प्रश्न विचारा: त्या फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं असं काय आहे? उत्तर फक्त ‘नाव’ असेल, तर तो फोन कंपनीला फार काळ तारणार नाही.