विश्लेषण : किदम्बी श्रीकांत अव्वल क्रमांकावर एकच आठवडा का टिकला?

१२ एप्रिल २०१८ रोजी जागतिक बॅडमिंटन महासंघाची क्रमवारी जाहीर झाली आणि पुरुष एकेरीत पहिल्या क्रमांकावर किदम्बी श्रीकांतचं नाव आलं. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण अव्वल ठरले होते, पण क्रमवारी संगणकावर काढली जाऊ लागल्यापासून हा मान मिळवणारा श्रीकांत पहिलाच भारतीय पुरुष खेळाडू. विशेष म्हणजे त्या आठवड्यात त्याने एकही ओपन स्पर्धा जिंकली नव्हती. तो ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा खेळत होता.

मग तो अव्वल झाला कसा? डेन्मार्कच्या व्हिक्टर अ‍ॅक्सेलसनचे गुण कमी झाल्यामुळे. राष्ट्रकुल स्पर्धेमुळे त्या वर्षीची मलेशिया ओपन पुढे ढकलली गेली होती. आदल्या वर्षी तिथे मिळवलेल्या गुणांची मुदत संपली आणि अ‍ॅक्सेलसनच्या खात्यातून १,६६० गुण वजा झाले. श्रीकांतकडे ७६,८९५ गुण होते, ते पुरले. पुढच्याच आठवड्यात अ‍ॅक्सेलसन पुन्हा वर गेला. त्यानंतर श्रीकांत त्या जागेवर कधीच परतला नाही.

हा निव्वळ योगायोग होता, असं मात्र म्हणता येणार नाही.

क्रमवारी कशी ठरते?

खेळाडूच्या गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरले जातात. वर्ष उलटलं की जुने गुण आपोआप गळतात. त्यामुळे स्पर्धा जिंकणाऱ्या खेळाडूला पुढच्या वर्षी त्याच सुमारास तेवढंच मोठं काहीतरी करावं लागतं. नाहीतर तो चांगला खेळूनही खाली येतो.

श्रीकांतचं २०१७ साल आठवून पाहा. जूनमध्ये इंडोनेशिया ओपन आणि लगेच पुढच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियन ओपन, तीही अंतिम सामन्यात ऑलिम्पिक विजेत्या चेन लाँगला हरवून. ऑक्टोबरमध्ये डेन्मार्क आणि फ्रेंच ओपन, पुन्हा लागोपाठच्या आठवड्यांत. इंडोनेशिया आणि डेन्मार्क या वरच्या दर्जाच्या सुपर सीरिज स्पर्धांच्या विजेतेपदाला प्रत्येकी ११,०००, तर उरलेल्या दोन्हींना प्रत्येकी ९,२०० गुण होते. चार स्पर्धांचे मिळून ४०,४०० होतात. म्हणजे अव्वल ठरताना त्याच्याकडे असलेल्या गुणांपैकी निम्म्याहून अधिक गुण अवघ्या चार आठवड्यांच्या खेळातून आले होते आणि ते सगळे २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत गळणार होते.

झालंही तसंच. २०१८ च्या इंडोनेशिया ओपनमध्ये जपानच्या केंतो मोमोताने त्याला पहिल्याच फेरीत हरवलं. डेन्मार्कमध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, तिथेही मोमोताच आडवा आला. उपांत्य फेरी ही काही वाईट कामगिरी नाही. पण तिला ७,७०० गुण होते आणि गळणारे गुण होते ११,०००. पुढच्या आठवड्यात फ्रेंच ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा मोमोता आणि पुन्हा पराभव. त्या वर्षी श्रीकांतला एकही विजेतेपद मिळालं नाही.

मलेशियाचा ली चोंग वेई २००८ ते २०१२ या काळात सलग १९९ आठवडे अव्वल होता. त्याच त्या स्पर्धा दरवर्षी जिंकत राहिल्याशिवाय हे शक्य नाही. श्रीकांतकडे फटक्यांची कमतरता नव्हती. उडी मारून मारलेला त्याचा स्मॅश आणि त्यामागोमाग नेटजवळची झेप पाहताना डोळ्याचं पारणं फिटायचं. कमी पडलं ते सातत्य. त्यातला काही दोष त्याच्या धोका पत्करणाऱ्या खेळाचा आहे, हे मान्य करायला हवं. पण काही भाग शरीराचाही आहे.

विश्रांती घ्यायची तरी कधी?

२०१७ च्या ऑक्टोबरअखेर फ्रेंच ओपन जिंकून श्रीकांत थेट नागपूरला राष्ट्रीय स्पर्धेसाठी आला. अंतिम फेरीपर्यंत खेळला, तिथे एच. एस. प्रणॉयकडून तीन गेममध्ये हरला. त्यानंतर पायाच्या स्नायूच्या दुखापतीमुळे त्याने चायना ओपनमधून माघार घेतली. नेमक्या २०१८ पासून महासंघाने नवा नियम आणला. एकेरीतल्या पहिल्या १५ खेळाडूंना वर्षात किमान १२ ठरावीक मोठ्या स्पर्धा खेळणं बंधनकारक झालं, न खेळल्यास दंड. प्रेक्षक आणि प्रायोजक यांच्या दृष्टीने ते ठीक असेल, पण दुखऱ्या पायाला विश्रांती देण्यासाठी वेळापत्रकात जागा उरत नाही. पुढे गुडघ्याच्या दुखण्यानेही श्रीकांतला सतावलं.

टोकियो ऑलिम्पिकची पात्रताही क्रमवारीवरच होती. २०२१ मध्ये करोनामुळे इंडिया, मलेशिया आणि सिंगापूर ओपन एकापाठोपाठ एक रद्द किंवा स्थगित झाल्या आणि गुण मिळवण्याची संधीच संपली. टोकियोला पुरुष एकेरीत एकटा बी. साई प्रणीत गेला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पेनमधल्या वेल्व्हा इथे श्रीकांत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला. असं करणारा तो पहिला भारतीय पुरुष. उपांत्य फेरीत त्याने लक्ष्य सेनला हरवलं. सिंगापूरच्या लोह कीन यूविरुद्ध पहिल्या गेममध्ये ९-३ अशी आघाडी होती. ती गेली आणि सामनाही १५-२१, २०-२२ असा गेला. मे २०२२ मध्ये बँकॉकला भारताने पहिल्यांदाच थॉमस चषक जिंकला, तेव्हा इंडोनेशियाच्या जोनाथन ख्रिस्तीविरुद्धचा निर्णायक सामना श्रीकांतने जिंकला. संपूर्ण स्पर्धेत तो एकदाही हरला नाही. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा क्षण हाच, अव्वल क्रमांकाचा तो आठवडा नव्हे.

खाली घसरल्यावर काय होतं?

मलेशिया मास्टर्ससारख्या स्पर्धांच्या मुख्य फेरीत ३२ खेळाडू असतात. सहसा २८ जणांना क्रमवारीवर थेट प्रवेश मिळतो, उरलेल्या चार जागांसाठी पात्रता फेरी होते. म्हणजे क्रमांक घसरला की वय वाढत असताना सामनेही वाढतात. पॅरिस ऑलिम्पिकचं तिकीट लक्ष्य आणि प्रणॉयला मिळालं. मे २०२५ मध्ये ३२ वर्षांचा श्रीकांत जागतिक क्रमवारीत ६५ वा होता, तेव्हा तो मलेशिया मास्टर्समध्ये पात्रता फेरीपासून खेळला. तिथले दोन सामने जिंकून मुख्य फेरीत आला. मग चीनचा लू ग्वांगझू, आयर्लंडचा न्हात न्गुयेन, फ्रान्सचा तोमा ज्युनियर पोपोव्ह, जपानचा युशी तनाका असे एकेक पाडत तो अंतिम फेरीत पोहोचला. पोपोव्हविरुद्धचा सामना २४-२२, १७-२१, २२-२० असा ताणला गेला. सहा दिवसांतल्या सातव्या सामन्यात मात्र चीनच्या ली शी फेंगने त्याला ११-२१, ९-२१ असं हरवलं.

उपविजेतेपदाचे ७,८०० गुण श्रीकांतच्या खात्यात जमा झाले. त्यांनाही मुदत तीच होती, ५२ आठवडे.