हौसेला मोल नसतं, मग रिसेल व्हॅल्यू कुठून आली?

बोनसचा सीझन आला की ऐरोलीपासून महापेपर्यंत सगळ्या कॅन्टीनमध्ये एकच चर्चा असते: पैशाचं काय करायचं? पूर्वी उत्तरं ठरलेली असायची. उलव्यात नाहीतर तळोज्यात फ्लॅटचं बुकिंग, एखादा म्युच्युअल फंड, आईला थोडं सोनं. हल्ली त्यात एक नवीन उत्तर ऐकू येतं. "स्विस घड्याळ घेतोय. खर्च नाहीये रे तो, ॲसेट आहे. रिसेल व्हॅल्यू बघ ना!"

आमच्या टीममधला एक मुलगा तर फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी साठवलेले सहा लाख यात घालायच्या विचारात आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घड्याळ घ्या, जरूर घ्या. पण त्याला गुंतवणूक म्हणू नका. हौसेला मोल नाही असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. हौसेला हिशोबाच्या वहीत बसवायला गेलं की हौसही जाते आणि हिशोबही चुकतो.

आता ही 'ॲसेट'ची समजूत अगदीच हवेतली आहे असं नाही. २०१७ मध्ये पॉल न्यूमन या हॉलिवूडच्या नटाची रोलेक्स डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७८ लाख डॉलरला गेली. २०२१ च्या डिसेंबरात पाटेक फिलिपच्या नॉटिलसचं टिफनीच्या निळ्या रंगाची डायल असलेलं एक पीस ६५ लाख डॉलरला विकलं गेलं. लॉकडाऊनच्या काळात लोकांकडे पैसा होता, व्याज नगण्य होतं, बिटकॉइन जोरात होतं. त्या लाटेत स्टीलची साधी रोलेक्ससुद्धा दुकानातल्या किमतीच्या वर विकली जाऊ लागली.

मग २०२२ उजाडलं. अमेरिकेने मार्चपासून व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि त्याच सुमारास जुन्या घड्याळांचा बाजार शिखरावरून खाली यायला लागला. तो पुढची दोनेक वर्षं उतरतच राहिला. स्टीलची नॉटिलस ५७११ तर शिखराच्या साधारण निम्म्यावर आली. ज्यांनी शिखरावर घेतलं त्यांची मनगटं बघण्यासारखी होती, चेहरे नव्हते :)

तरीही काही मॉडेल्स आजही दुकानातल्या किमतीपेक्षा महाग विकली जातात, हे मान्य. पण ती मॉडेल्स तुम्ही दुकानात जाऊन "एक द्या" म्हटलं की मिळत नाहीत. वेटिंग लिस्ट असते, आणि जुन्या, भरपूर खरेदी केलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर आधी लागतो. म्हणजे जो नफा तुम्हाला पुढे दिसतोय त्याची किंमत तुम्ही इतर खरेदीतून आधीच मोजलेली असते. आणि जे घड्याळ शोकेसमध्ये आरामात उपलब्ध आहे, सेल्समन वर डिस्काउंटही देतोय, ते विकताना तुम्हाला कोण जास्त देणार? दुकानाबाहेर पडताच बऱ्याच नामांकित ब्रँडच्या घड्याळांचा एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाव गळून पडतो.

थोडं गणित करू. सहा लाखांचं घड्याळ. त्यात १८ टक्के जीएसटी आत धरलेला आहे, म्हणजे सुमारे ९१,५०० रुपये. हा टॅक्स सरकारजमा झाला, तुमच्याकडून घेणारा तो तुम्हाला परत देणार नाही. शिवाय दहा वर्षांत एकदा तरी सर्व्हिसिंग करावं लागेल, त्याचे काही हजार निश्चित. आता हेच सहा लाख ७ टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले असते तर ११ लाख ८० हजार झाले असते (टॅक्स सध्या बाजूला ठेवा). म्हणजे तुमचं घड्याळ दहा वर्षांनी जवळपास दुप्पट भावाने विकलं गेलं, तर तुम्ही बँकेतल्या एफडीची फक्त बरोबरी केलीत! 'मी सहाला घेतलं, आठला विकलं' हा नफा नाही, तो तोटा आहे. फक्त तो दिसत नाही.

दुसरी गंमत रुपयाची. २००५ च्या सुमारास एक स्विस फ्रँक साधारण ३५ रुपयांना होता. २०२५ मध्ये त्याने शंभरी ओलांडली. त्यामुळे "काकांनी तेव्हा दीड लाखाला घेतलेलं आज पाच लाखांचं आहे" या गोष्टीत घड्याळाचं कर्तृत्व किती आणि फ्रँकचं किती, हे वेगळं काढून बघायला हवं. त्याच काळात सोनं तोळ्याला सात हजारांच्या आसपासवरून लाखापार गेलं. आणि सोन्याचा भाव रोज पेपरात छापून येतो, वाशीत सेक्टर १७ ला कुठल्याही सराफाकडे अर्ध्या तासात मोडता येतं. घडणावळ जाते, पण घासाघीस कुठून सुरू करायची ते तरी माहीत असतं. घड्याळाचा भाव म्हणजे समोरचा देईल तो.

तिसरा मुद्दा कोणी बोलत नाही. आपल्याकडे स्विस घड्याळांवर २० टक्के मूळ आयात ड्युटी होती. भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी मार्च २०२४ मध्ये व्यापार करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार ही ड्युटी टप्प्याटप्प्याने शून्यावर येणार आहे. कंपन्या दरवर्षी किमती वाढवतात हे खरं, त्यामुळे नवं घड्याळ प्रत्यक्षात स्वस्त होईलच असं नाही. पण आज तुम्ही जी ड्युटी भरताय ती उद्याचा गिऱ्हाईक नव्या घड्याळावरही भरणार नसेल, तर तुमच्या जुन्यासाठी तरी का भरेल?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. रिसेल व्हॅल्यू टिकवायची तर काय करावं लागतं? मूळ बॉक्स, वॉरंटी कार्ड, बिल जपायचं. ओरखडा आला तरी पॉलिश करायचं नाही, कारण पॉलिश केलेली केस शौकिनांना चालत नाही. एकही पार्ट बाहेरचा बसवायचा नाही. परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांमध्ये 'मुंबई स्पेशल' असा एक शब्दच आहे, आणि तो कौतुकाचा नाही. जुनी फाव्र-ल्यूबा, एचएमटी, सेको घ्यायची, डायल नव्याने रंगवायची, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचं, आणि चकाचक करून विकायची, त्याला ते हे नाव देतात. माझ्या दृष्टीने बंद पडलेलं घड्याळ पुन्हा चालू करणारा तो कारागीर ग्रेट आहे. पण बाजाराच्या दृष्टीने घड्याळ चालणं महत्त्वाचं नाही, अस्सल असणं महत्त्वाचं. थोडक्यात, भाव टिकवायचा तर घड्याळ लॉकरमध्ये. सकाळी नेरुळहून ठाण्याची लोकल पकडताना हातात ते नाहीच. मग घेतलं कशाला?

वेळ बघायला मोबाईल आहेच. चांगल्यातलं चांगलं प्रमाणित मेकॅनिकल घड्याळही दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे जायची मुभा घेऊन येतं. आपल्या सर्व्हरने असं केलं तर रात्री दोनला फोन येतो. म्हणजे ही वस्तू उपयोगाची नाहीच, प्रेमाची आहे. आणि त्यात काहीही गैर नाही.

खरंच कमाई झाली ती कुणाची, हेही बघा. पॉल न्यूमनला ते घड्याळ बायकोने दिलं होतं आणि त्याने ते वर्षानुवर्षं वापरलं. त्या काळी तसली डायल फारशी खपतही नसे. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि मग जनता, पायलट या मॉडेल्सना भाव आला. यातलं कुणीच पुढे विकण्यासाठी घेतलं नव्हतं. मुंजीला, लग्नात, पहिल्या पगारात घेतलं आणि घासून घासून वापरलं.

त्यामुळे त्या सहा लाखांबद्दल माझा सल्ला असा. डाउन पेमेंटचे पैसे डाउन पेमेंटला. घड्याळासाठी वेगळे साठवा, आणि ते विकताना शून्य रुपये येणार आहेत असं धरून किंमत ठरवा. तरीही घ्यावंसं वाटलं तर बिनधास्त घ्या, आणि रोज घाला. ओरखडे पडू देत. तुमचेच असतील ते.